उलटतपासणी नाही

[दृश्य: शिवाजीनगर, जिल्हा व सत्र न्यायालय. सकाळी साडेदहाची वर्दळ. काळे कोट, फायलींचे गठ्ठे, बोर्डावर आपला नंबर शोधणारी माणसं.]

पुण्याच्या शिवाजीनगरमधल्या या न्यायालयात रोज शेकडो प्रकरणांचा पुकारा होतो. आता आपण जो खटला पाहणार आहोत, तो मात्र इथल्या कुठल्याच बोर्डावर सापडणार नाही. तो आम्ही रचला आहे. आरोपी, फिर्यादी, दोन्ही बाजूंचे वकील, न्यायाधीश, सगळे काल्पनिक. कायदा मात्र खरा आहे आणि ज्या निकालांचा उल्लेख येईल तेही खरे आहेत. खटला 1 जुलै 2024 च्या आधी सुरू झाला असं धरलं आहे, त्यामुळे कलमांचे आकडे जुन्या कायद्यांतले.

खटला रचावा का लागला? कारण आम्हाला जे दाखवायचं आहे, ते खऱ्या खटल्याच्या कागदांत बहुतेक वेळा उमटतच नाही. ते का उमटत नाही, हे पुढे कळेलच.

[दृश्य: कोंढव्याकडून उंड्रीकडे जाणारा रस्ता, रात्र. अर्धं शटर ओढलेली दुकानं.]

रात्रीचे अकरा. मोबाइलच्या दुकानाचा मालक दिवसभराची रोकड पिशवीत घालून कुलूप लावतोय. मागून कोणीतरी येतं, चाकूने दंडावर वार करतं, पिशवी हिसकावतं आणि अंधारात पळून जातं. दुकानदाराला टाके पडतात. दुसऱ्या दिवशी तो फिर्याद देतो. फिर्यादीत लिहिलेलं असतं, "एक अनोळखी नायजेरियन इसम, उंच, रंगाने काळा."

तिसऱ्या दिवशी पोलीस जवळच्याच इमारतीतून एका विद्यार्थ्याला उचलतात. तो आफ्रिकेतला आहे. नायजेरियाचा नाही. त्याला आम्ही नाव दिलेलं नाही आणि देशही सांगितलेला नाही. देश सांगितला की बघणारा लगेच त्या देशाबद्दल ऐकलेलं काहीतरी आठवायला लागतो.

या भागात आफ्रिकी विद्यार्थी राहतात, याचं एक साधं कारण म्हणजे भाडं. कॉलेजजवळची घरं त्यांना परवडत नाहीत, आणि जी परवडतात त्यांतली बरीच मिळत नाहीत. दलाल फोनवर "हो" म्हणतो आणि समोर आल्यावर "मालकांनी विचार बदलला" सांगतो. दुसरीकडे, परदेशी विद्यार्थ्यांना आपलंसं करण्याची या शहराची परंपराही जुनी आहे. सिंबायोसिस या शिक्षणसंस्थेची सुरुवात 1971 साली झाली, ती परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांचा एकटेपणा कमी व्हावा या विचारातूनच.

[दृश्य: मोबाइलचा पडदा. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. पुसट केलेला एक फोटो, खाली संदेशांची रांग.]

अटकेच्या संध्याकाळी त्या मुलाचा फोटो परिसरातल्या ग्रुपवर फिरला. "हाच तो." "हाकला यांना." "पोलिसांचं अभिनंदन." दुकानदारही त्या ग्रुपमध्ये होता.

आठवड्याभराने येरवडा कारागृहात ओळख परेड झाली. नायब तहसीलदार, दोन पंच आणि रांगेत सात माणसं. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत ओळख परेडचे नियम दिले आहेत. आरोपी एक असेल तर त्याच्यासोबत निदान पाच-सहा डमी उभे करावेत, आणि ते वयाने, अंगाने, दिसायला आरोपीशी मिळतेजुळते असावेत. आमच्या खटल्यात रांगेतले सहाही डमी इथलेच होते. आफ्रिकी एकच, आरोपी.

दुकानदाराने बोट दाखवायला क्षणही लावला नाही. निवेदनपत्रात लिहिलं गेलं, "साक्षीदाराने आरोपीस अचूक व तात्काळ ओळखले."

[दृश्य: नाट्यरूपांतर. रांग, मागून घेतलेलं. सात पाठमोऱ्या आकृती.]

इथे थोडं थांबू. हा दुकानदार खोटं बोलत नाहीये. त्याच्यावर खरंच वार झाला, त्याची रोकड खरंच गेली आणि हाच तो, यावर त्याचा मनापासून विश्वास आहे. 1969 साली मालपास आणि क्रॅविट्झ या मानसशास्त्रज्ञांनी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवून नंतर ते ओळखायला लावले. आपल्या वंशाचे चेहरे माणूस जास्त अचूक ओळखतो आणि दुसऱ्या वंशाच्या चेहऱ्यांत त्याची जास्त गल्लत होते, हे त्यानंतरच्या अनेक प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ज्या लोकांमध्ये आपण वावरलो नाही, त्यांच्या चेहऱ्यातले बारकावे डोळा टिपत नाही. यात द्वेष असतोच असं नाही. पण ही मर्यादा माहीत असताना तिचा उपयोग करून घेणं, हे मात्र कोणीतरी जाणूनबुजून करतो. न्यायालयात ते वकील करतात.

[दृश्य: बार रूमबाहेरचा व्हरांडा.]

मित्रांनी वर्गणी काढून एक वकील लावला. वकीलपत्रावर सही झाली, अर्धी फी रोख दिली गेली. वकिलाने आरोपीशी पहिल्यांदा बोलणं केलं ते जामिनाच्या तारखेला, पोलिसांच्या पहाऱ्यात, काही मिनिटं. प्रश्न एकच विचारला, "केलंस का?" मुलगा म्हणाला, "नो सर." वकील म्हणाला, "ते सगळेच म्हणतात."

जामिनाला विरोध करताना सरकारी वकील म्हणाले, "साहेब, हे लोक पासपोर्ट फाडून पळून जातात." यांनीच, या माणसाने, तसं काही केल्याचा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता. बचावाच्या वकिलाने हरकत घेतली नाही. जामीन फेटाळला गेला.

मग सल्ला आला, "गुन्हा कबूल कर. थोडी शिक्षा होईल, मग तुला घरी पाठवतील." दोषारोपात भारतीय दंड संहितेचं कलम 397 होतं, जबरी चोरी करताना प्राणघातक शस्त्राचा वापर. त्या कलमात किमान शिक्षाच सात वर्षं आहे. हे ज्याने सांगायला हवं होतं, त्यानेच उलट सांगितलं.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम याबाबत अगदी स्पष्ट आहेत. आरोपीने गुन्हा केला असेल की नसेल याबद्दल वकिलाचं स्वतःचं मत काहीही असो, बचाव स्वीकारल्यावर तो पूर्ण ताकदीने करायचा. अनेक ठिकाणी वकील संघटना आधीच ठराव करून टाकतात, अमुक आरोपीचं वकीलपत्र कोणी घेऊ नये. डिसेंबर 2010 मध्ये, ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने असे सगळे ठराव बेकायदा आणि शून्यवत ठरवले. ठराव निदान डोळ्यांना दिसतो, त्याला आव्हान देता येतं. वकीलपत्र घेऊन, फी घेऊन, रोज हजर राहून जो बचाव केलाच जात नाही, त्याला आव्हान कुठे द्यायचं? मला हा प्रकार ठरावापेक्षा घातक वाटतो.

[दृश्य: कोर्टरूम. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात दुकानदार. मागे आरोपी, दोन पोलिसांच्या मध्ये.]

सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलांनी आपल्या साक्षीदाराला विचारलेले प्रश्न, मराठीत चालली. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे आणि ती असलीच पाहिजे. पण आरोपीला मराठी येत नाही, इंग्रजीही कामापुरतंच. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 279 नुसार, आरोपी हजर असताना त्याला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती भर न्यायालयात त्याला समजणाऱ्या भाषेत सांगायला हवी. दुभाषी मागायचं काम बचावाच्या वकिलाचं. त्याने मागितला नाही. आरोपी पूर्ण वेळ समोरच्या माणसांचे चेहरे वाचत उभा राहिला. कोण चिडलंय, कोण हसलं, माझं नाव कधी आलं, एवढंच त्याला कळत होतं.

सरकारी वकिलांनी विचारलं, "तुमच्या भागात असले लोक राहायला आल्यापासून चोऱ्या वाढल्या, हे खरं ना?"

दुकानदार म्हणाला, "हो साहेब."

आता प्रश्न असा, की हा सवाल-जवाब नोंदीत कसा उतरला? साक्षीची नोंद सामान्यतः कथनाच्या रूपात होते, प्रश्न आणि उत्तर असं सुटं लिहिलं जात नाही. त्याच संहितेच्या कलम 276 मध्येच तशी पद्धत सांगितली आहे, प्रश्नोत्तररूपात लिहायचं की नाही हे न्यायाधीशांवर सोडलेलं आहे. स्टेनोने टंकलं, "आमच्या भागात चोऱ्यांचे प्रमाण वाढलेले आहे." बस. "असले लोक" नोंदीतून गळून पडलं. उद्या अपिलात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हा कागद वाचतील, तेव्हा त्यांना एका त्रासलेल्या नागरिकाचं साधं वाक्य दिसेल. प्रश्नात काय पेरलेलं होतं, ते कधीच कळणार नाही.

ते कळण्याचा मार्ग एकच होता. बचावाच्या वकिलाने उभं राहून म्हणायचं होतं, "हरकत आहे. प्रश्न जसाच्या तसा लिहून घ्यावा, आणि माझी हरकतही." दहा सेकंदांचं काम.

भारतीय साक्ष अधिनियम, 1872 मध्ये त्यासाठी हवं ते सगळं होतं. आरोपीचं पूर्वीचं वाईट चारित्र्यसुद्धा, त्याने स्वतः चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिल्याशिवाय, कलम 54 प्रमाणे गैरलागू. मग त्याच्या वंशाच्या कथित चारित्र्याला जागा कुठून येणार? अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने विचारलेला प्रश्न कलम 152 प्रमाणे न्यायालयाने रोखायचा असतो. कलम 150 तर आणखी पुढे जातं. साक्षीदाराच्या चारित्र्यावर घाव घालणारा प्रश्न वकिलाने आधाराशिवाय विचारला, तर न्यायाधीश त्याची गोष्ट थेट उच्च न्यायालयाला कळवू शकतात.

आणि संविधान? वंशावरून भेदभावाला मनाई करणारा अनुच्छेद 15 नागरिकांपुरता आहे, हे खरं. पण अनुच्छेद 14 आणि 21 "कोणत्याही व्यक्तीला" संरक्षण देतात. शिवाजीनगरच्या पिंजऱ्यात उभा असलेला परदेशी मुलगाही ती व्यक्ती आहे.

न्यायाधीशांनी विचारलं, "उलटतपासणी?"

बचावाचे वकील घड्याळाकडे पाहून म्हणाले, "नाही."

[दृश्य: टंकलेल्या साक्षीचा शेवटचा परिच्छेद. "उलटतपासणी: नाही." कॅमेरा तिथे स्थिरावतो.]

हा खटला पाहताना सगळ्यांचा राग सरकारी वकिलांवर निघतो. माझाही निघाला. पण कागद हातात घेऊन बसलं की दिसतं, सरकारी वकिलांचा पूर्वग्रह नोंदीत शिरायला बचावाच्या वकिलाचं मौन लागतं. एकाने पेरायचं आणि दुसऱ्याने उपटायचं नाही. आपली न्यायव्यवस्था दोन बाजू झगडतील या गृहीतावर उभी आहे. एक बाजू उभीच राहिली नाही, तर न्यायाधीशांच्या हातात जे येतं त्यावरच निकाल द्यावा लागतो.

[दृश्य: न्यायालयाचा जिना. सरकारी वकील आणि तपास अधिकारी, दबक्या आवाजात.]

आणखी एक गोष्ट होती. घटनेच्या वेळी आरोपी पिसोळीत मित्राच्या सोसायटीत होता. तिथल्या फाटकावरच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) पोलिसांनी पंचनामा करून जप्त केला होता. दोषारोपपत्रात त्याचा उल्लेख नाही. तपास अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा सरकारी वकील म्हणाले, "ते आता काढू नका."

सरकारी वकील हा फिर्यादीचा वकील नसतो आणि पोलिसांचाही नसतो. बार कौन्सिलच्या नियमांत लिहिलं आहे की निरपराध माणसाला शिक्षा होणार नाही अशा रीतीने त्याने खटला चालवावा, आणि आरोपीचं निर्दोषत्व दाखवू शकणारी गोष्ट दडवणं कटाक्षाने टाळावं. 1999 मध्ये शिव कुमार विरुद्ध हुकम चंद या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, काहीही करून शिक्षाच घडवण्याची तहान सरकारी वकिलाला शोभत नाही. एप्रिल 2021 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की तपासात हाती आलेल्या पण दोषारोपपत्रात न वापरलेल्या कागदांची आणि वस्तूंचीसुद्धा यादी आरोपीला द्यावी.

[दृश्य: महात्मा फुले वाडा, गंज पेठ. मग पुणे स्टेशनचा फलाट.]

1873 साली जोतीराव फुल्यांनी "गुलामगिरी" प्रसिद्ध केली, तेव्हा अर्पणपत्रिकेत अमेरिकेतल्या लोकांचे आभार मानले. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी ते झटले म्हणून. समुद्रापलीकडच्या त्या माणसांचं दुःख आणि इथल्या शूद्रातिशूद्रांचं दुःख एकाच जातीचं आहे, हे दीडशे वर्षांपूर्वी या शहरातल्या एका माणसाला दिसलं होतं. ऑगस्ट 2012 मध्ये याच शहराच्या स्टेशनवर ईशान्य भारतातल्या मुलामुलींनी गर्दी केली होती. अफवा पसरल्या होत्या आणि जिवाच्या भीतीने हजारो जण पुणे, बंगळूर सोडून गावी निघाले. ते भारताचेच नागरिक होते. चेहऱ्याने घात केला.

कुणी म्हणेल, काल्पनिक खटल्यात काहीही दाखवता येतं. म्हणून एक खरं प्रकरण सांगते, महाराष्ट्रातलंच. 2003 साली जालना जिल्ह्यात एका कुटुंबावर दरोडा, खून आणि बलात्काराचा भीषण गुन्हा घडला. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशीची शिक्षा सुनावली. आणि मार्च 2019 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने, फेरविचारात, सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण काय? प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या फोटो अल्बममधून भलत्याच चौघांना ओळखलं होतं. त्या चौघांचा माग कोणी काढला नाही, आणि ती गोष्ट सरकार पक्षाने नीट पुढे आणली नाही. हे भटक्या जमातीतले, समाजाच्या तळातले मजूर आहेत, त्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं निकालात लिहिलं आहे. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. सहा माणसांची तरुणपणाची वर्षं तुरुंगात गेली होती.

1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. 1952 मध्ये तो कायदा गेला. फिर्यादीतलं "नायजेरियन इसम" वाचताना मला तोच कायदा आठवतो. नाव बदललं, पद्धत तीच आहे.

[दृश्य: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय. एक तरुण वकील फाइल वाचतेय.]

आमच्या खटल्यात पुढे वकील बदलली. मित्रांचे पैसे संपले, जुन्या वकिलाने उरलेली फी मिळेपर्यंत कागद द्यायचं नाकारलं. ही वकील मोफत विधी साहाय्यातून आली. 1987 च्या कायद्याप्रमाणे कोठडीतल्या कोणत्याही माणसाला तो हक्क आहे, परदेशी असला तरी. येरवड्यात ती दुभाषी घेऊन गेली. "केलंस का" हे तिने विचारलंच नाही. विचारलं, "त्या रात्री कुठे होतास? कोण कोण होतं? दारावर कॅमेरा होता का?"

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे डीव्हीआर जप्तीच्या पंचनाम्याची प्रत निघाली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 91 खाली तो डीव्हीआर हजर करण्याचा अर्ज झाला. आणि कलम 311 खाली दुसरा, दुकानदाराला पुन्हा साक्षीला बोलवा. हा दुसरा अर्ज सोपा नव्हता. नुसता वकील बदलला म्हणून साक्षीदार परत बोलवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये बजावलं आहे. तिने कागदच पुढे ठेवले. मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी नाही, दुभाषी नाही, ओळख परेडच्या रांगेत आरोपीसारखा दुसरा कोणी नाही. अर्ज मंजूर झाला.

[दृश्य: कोर्टरूम. यावेळी आरोपीच्या शेजारी दुभाषी, हळू आवाजात बोलतोय.]

"तो तुमच्यासमोर किती वेळ होता?"

"थोडाच. दहा-पंधरा सेकंद."

"दुकानाचा दिवा चालू होता?"

"बंद केला होता. रस्त्यावरचा होता, लांबवर."

"तो काही बोलला?"

"नाही."

"मग तो नायजेरियन आहे, हे तुम्हाला कशावरून कळलं?"

दुकानदार गोंधळला. मग म्हणाला, "मॅडम, ते तसेच दिसतात ना."

"साहेब, हा प्रश्न आणि हे उत्तर प्रश्नोत्तररूपातच लिहून घ्यावं, ही विनंती."

न्यायाधीशांनी स्टेनोकडे पाहून मान हलवली.

"येरवड्यात रांगेत आफ्रिकी माणसं किती होती?"

"हा एकच."

"याचा फोटो तुम्ही त्याआधी पाहिला होता?"

"ग्रुपवर आला होता."

"ओळख परेडच्या आधी?"

"हो. आधीच."

उलटतपासणी वीस मिनिटांत संपली. ती पहिल्या तारखेलाही वीस मिनिटांतच संपली असती. घटनेच्या वेळी कॅमेऱ्यात आरोपी पिसोळीच्या फाटकाशी मित्रासोबत दिसला. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं.

[दृश्य: अर्जावर चाललेलं पेन.]

पहिल्या वकिलाविरुद्ध त्याने महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार केली आहे. वकील अधिनियम, 1961 चं कलम 35. शिस्तपालन समिती समज देऊ शकते, सनद निलंबित करू शकते, नाव कायमचं काढूनही टाकू शकते. निर्णय वर्षभरात व्हायला हवा, नाहीतर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. सरकारी वकिलांविरुद्ध तक्रार करायला तिने सुचवलं होतं. तो नको म्हणाला. त्याचा व्हिसा कोठडीतच संपला होता, परीक्षा बुडाली होती आणि घरी आईला यातलं अर्धंच माहीत होतं.

दुकानदाराचंही काही कमी नुकसान झालं नाही. त्याच्यावर वार करणारा आजही मोकळा आहे. पुढचा तपास करावा, असा अर्ज त्याने पोलीस ठाण्यात दिला. अधिकाऱ्याने त्या रस्त्यावरच्या बाकीच्या दुकानांत चौकशी केली. चार ठिकाणी कॅमेरे होते. त्या रात्रीचं चित्रण तेव्हा कोणी मागितलंच नव्हतं आणि असे डीव्हीआर काही आठवड्यांतच जुनं पुसून त्यावर नवं साठवतात.